परळचा उंदीर, खारघरचा उजेड

शिरूर-खेडच्या पट्ट्यात कुणाला कॅन्सरची शंका आली की घरातली वडीलधारी माणसे एकच वाक्य बोलतात, ‘एकदा टाटाला दाखवून घेऊ.’ टाटा म्हणजे परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय. तिथला केसपेपर, तिथल्या रांगा, आसपासच्या धर्मशाळा, यांची माहिती पाबळमधल्याही काही घरांना दुर्दैवाने आहे. पण याच टाटाची एक पाठची बहीण आहे, जिच्या दारात सहसा रुग्ण जात नाही. तिथे उंदीर असतात. रुग्णाला दिले जाणारे औषध आधी कुणाच्या अंगावर पाहिले जाते, गाठ वाढते कशी, पसरते कशी, हे शोधणारी ही संस्था आधी परळला होती, आता नवी मुंबईत खारघरला आहे. स्मरणिकेच्या विज्ञानसंस्था विभागासाठी तिचाच इतिहास निवडला.

पाबळच्या वाचकाला प्रयोगशाळा म्हटले की बिचकायला होणार नाही, असे मी धरून चालतो. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये इथे विज्ञान आश्रम सुरू केला आणि २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने फॅब लॅब आली. यंत्र उघडून आत काय चालते ते पाहायची सवय या गावाला आहे. म्हणून पुढे कॅमेऱ्याची आणि प्रकाशाची थोडी उघडझाप करणार आहे.

टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. (बरोबर तेरा वर्षांपूर्वी, २८ फेब्रुवारी १९२८ ला सी. व्ही. रामन यांना त्यांचा परिणाम सापडला होता. हा निव्वळ योगायोग, पण रामन यांचे नाव पुढे या हकिकतीत येणार आहे.) लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजीही गेले, आणि त्यांच्या ट्रस्टने हे रुग्णालय उभारले. प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे आली. त्यांच्याच पुढाकाराने १९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर हे स्वतंत्र संशोधन केंद्र सुरू झाले आणि ते त्याचे पहिले संचालक झाले. १९६२ मध्ये रुग्णालय आणि केंद्र दोन्ही अणुऊर्जा विभागाकडे गेली, १९६६ मध्ये टाटा मेमोरियल सेंटर या एका छत्राखाली आली. संशोधन केंद्राचे नाव पुढे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झाले. कारभाराचा इतिहास इतकाच पुरे.

खानोलकर पॅथॉलॉजिस्ट होते. काचपट्टीवरच्या पेशी पाहताना त्यामागचा माणूस त्यांना दिसत असे. १९४५ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर भारतातल्या तीन निराळ्या कॅन्सरांवर लिहिले. त्यातले दोन: धोतर कंबरेला घट्ट आवळणाऱ्यांच्या कमरेचा, आणि आंध्रात चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूचा. सवय आणि गाठ यांची अशी सांगड घातली की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. तंबाखूने, सुपारीने, काजळीने गाठ होते हे सिद्ध कसे करायचे? माणसावर प्रयोग करता येत नाही. मग जनावर हवे, आणि तेही असे हवे की ज्याच्या आजी-पणजीची नोंद आपल्याजवळ आहे.

ही नोंद ठेवण्याचे काम डॉ. कमल रणदिवे यांच्या विभागाने केले, आणि माझ्या मते संस्थेची खरी ठेव तीच. कमलताई पुण्याच्या, माहेरच्या समर्थ. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे, शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन, एम.एस्सी. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून, विषय सीताफळाच्या कुळातल्या गुणसूत्रांचा. लेकीने डॉक्टर व्हावे ही वडिलांची इच्छा. लेक झाली पेशींची अभ्यासक. खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी. झाल्यावर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या आणि शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी जगवण्याची विद्या शिकून आल्या. गे यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीतल्या पेशी प्रथम अखंड वाढल्या, जगभर ‘हेला’ नावाने गेल्या. रणदिव्यांनी परत येऊन परळला ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातली ती पहिली. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी संस्थेचे संचालकपदही सांभाळले. शेजारच्या विभागात डॉ. सत्यवती सिरसाट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर बसत. त्या काळी परळला दोन मोठे विभाग बायका चालवत होत्या, आणि ते कुणाला विशेष वाटावे इतके तिथे दुर्मीळ नव्हते, ही गोष्ट मला नोंदवावीशी वाटते.

उंदरांकडे वळू. प्रयोगातला उंदीर म्हणजे बिळातला नव्हे. सख्ख्या भावा-बहिणींची जोडी लावत वीस पिढ्या गेल्या की त्या वंशातले सगळे उंदीर आनुवंशिकदृष्ट्या जवळपास एकसारखे होतात. मगच त्याला शुद्ध वंश म्हणतात. एका पिढीला तीन महिने धरले तरी पाच वर्षांची ही नेटाची नोकरी. पिंजऱ्यावर चिठ्ठी, वहीत जन्मतारीख, आईचा क्रमांक, बापाचा क्रमांक, पिल्ले किती, मेली किती. मध्ये एक पिंजरा अदलाबदल झाला की सगळे मुसळ केरात. परळला अशा रीतीने जो वंश तयार झाला त्याला संस्थेच्याच आद्याक्षरांवरून ‘आयसीआरसी’ हे नाव मिळाले. या उंदरांच्या माद्यांना आपोआप स्तनाच्या गाठी होत. रणदिव्यांनी त्यांच्या आधारे आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा स्तनाच्या कॅन्सरशी काय संबंध आहे हे तपासले. याच वंशात अन्ननलिका फुगून सैल पडण्याचा दोषही आढळला आणि त्या आजाराचा अभ्यास करणाऱ्यांना घरबसल्या नमुना मिळाला. संस्थेतल्याच दुसऱ्या एका कुळात अंगावर केस नसलेली पिल्ले निपजली. त्यांचा वेगळा वंश राखला गेला, त्याला ‘स्विस बेअर’ म्हणतात. त्यांचे पुढे काय झाले ते थोड्या वेळाने सांगतो.

आता अडचण. गाठ कातडीखाली असेल तर ती बोटाला लागते. मग कॅलिपर लावायचा, लांबी मोजायची, रुंदी मोजायची. लांबी गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले दोन, हा त्या काळापासून आजपर्यंत चालत आलेला हिशेब. हॅमस्टरच्या गालाची पिशवी बाहेर ओढून पाहता येते, म्हणून तंबाखू-सुपारीच्या प्रयोगांना हॅमस्टर आवडता. रणदिवे आणि सहकाऱ्यांचा सुपारी-तंबाखूवरचा निबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. पण गाठ अंडाशयात असेल, फुप्फुसात उतरली असेल, तर? उंदीर मारून पोट उघडल्याशिवाय काही कळायचे नाही. आणि मारलेला उंदीर दुसऱ्या आठवड्यात काय झाले असते ते सांगायला उरत नाही. समजा एका औषधाचा परिणाम पाच वेळा पाहायचा आहे आणि दर वेळी आठ उंदीर हवेत, झाले चाळीस. शिवाय पहिल्या आठवड्यातले आठ आणि पाचव्या आठवड्यातले आठ हे वेगळे उंदीर. एकाची गाठ मुळातच मंद वाढणारी असेल तर तो औषधाचा गुण की त्याच्या नशिबाचा, हे ठरवायचे कसे?

याचे उत्तर काजव्याकडे होते. भंडारदऱ्याला मे-जूनमध्ये गाड्या भरभरून जे पाहायला जातात, त्याच उजेडाकडे. ज्या जॉन्स हॉपकिन्समध्ये रणदिवे शिकल्या, त्याच विद्यापीठात विल्यम मॅकेलरॉय हे शास्त्रज्ञ बाल्टिमोरच्या पोरांना पैसे देऊन काजवे गोळा करून घेत. १९४७ मध्ये त्यांनी दाखवले की काजव्याच्या उजेडाला एटीपी लागते, म्हणजे प्रत्येक जिवंत पेशी जे ऊर्जेचे चलन वापरते तेच. गे यांच्या पेशी आणि मॅकेलरॉय यांचे काजवे एका गावात होते, पण या दोन गोष्टींचा तेव्हा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो जुळायला चाळीसएक वर्षे लागली. काजव्यात ल्युसिफेरिन नावाचा पदार्थ असतो आणि ल्युसिफरेज नावाचे विकर. पहिला जळण, दुसरा काडी. प्राणवायू आणि एटीपी हजर असले की उजेड पडतो. १९८५ मध्ये ल्युसिफरेजचा जनुक वेगळा काढता आला. १९८६ मध्ये तो एका रोपात घालून अख्खे रोप उजळवले, आणि ते रोप, गंमत पाहा, तंबाखूचे होते. १९९५ मध्ये स्टॅनफर्डला क्रिस्टोफर कॉन्टॅग आणि सहकाऱ्यांनी चमकणारे जिवाणू उंदराला देऊन त्याच्या कातडीबाहेरून, जिवंतपणी, रोग कुठे आहे ते कॅमेऱ्यात टिपले. जिवाणूच्या जागी कॅन्सरची पेशी ठेवणे ही मग पुढची पायरी होती.

पण मांसातून उजेड बाहेर येतो कसा? रात्री विजेरी तळहाताखाली धरून पाहा. बोटे लाल दिसतात. पांढऱ्या उजेडातला निळा-हिरवा भाग रक्त गिळते, तांबडा आरपार येतो. साधारण ६०० नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरींना हिमोग्लोबिन अडवते. ६५० ते ९०० च्या टापूत मांस त्यातल्या त्यात पारदर्शक असते. काजव्याचे विकर थंडीत पिवळसर-हिरवे चमकते, पण उंदराच्या अंगाच्या ३७ अंशांना त्याचा उजेड तांबड्याकडे सरकतो. निसर्गाने ही सोय उंदरासाठी केलेली नाही, पण ती संशोधकांच्या चांगलीच पथ्यावर पडली. तरीही दोनेक सेंटिमीटरच्या पलीकडून येणारा उजेड जवळजवळ संपलेला असतो आणि वाटेत विखुरल्यामुळे कडा पुसट होतात. उंदीर लहान आहे म्हणून हे जमते. गाईच्या पोटातली गाठ अशी दिसणार नाही.

संस्था २००२ च्या सुमारास परळहून खारघरला आली. तिथे साठ एकरांवर टाटा मेमोरियल सेंटरचे ‘ॲक्ट्रेक’ उभे राहिले, ज्यात जुनी कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट आणि रुग्णांवरील संशोधनाचे केंद्र दोन्ही आहेत. परळच्या कोंदट मजल्यांवरून उंदरांना हवेशीर जागा मिळाली, तापमान, आर्द्रता आणि दिवस-रात्रीचे दिवे ठरलेल्या वेळेला लावण्याची सोय झाली. अमेरिकेत संजीव गंभीर यांच्या गटात रेणूंच्या प्रतिमा काढण्याचे काम करून आलेले अभिजित डे आणि प्रीथा रे हे दोघे इथे आले आणि त्यांनी आपापल्या प्रयोगशाळा सुरू केल्या. गंभीर मूळचे अंबाल्याचे, स्टॅनफर्डचे. त्यांचे २०२० मध्ये निधन झाले. या तिघांच्या नावे २००९ मध्ये एक निबंध आहे: दोन प्रथिने पेशीच्या आत एकमेकांना चिकटली की एकाचा उजेड दुसऱ्याला मिळून तांबडा रंग बाहेर पडतो, आणि तो जिवंत उंदरातही टिपता येतो. म्हणजे गाठ कुठे आहे हे पाहण्यापलीकडे, गाठीच्या पेशीत कोण कुणाशी बोलते आहे इथपर्यंत नजर गेली.

प्रतिमा काढण्याचा प्रकार असा. उंदराच्या पोटात ल्युसिफेरिनचे इंजेक्शन देतात, सहसा वजनाच्या किलोमागे १५० मिलिग्रॅम. वीस-पंचवीस ग्रॅमच्या उंदराला ते किती थोडे होते हे हिशेब करून पाहावे. दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, म्हणजे ते अंगभर पसरते. मग आयसोफ्ल्युरेन वायूची भूल. काळ्या पेटीत गरम पाटावर चार-पाच उंदीर शेजारी शेजारी, प्रत्येकाचे नाक नळीच्या तोंडात. दार बंद. आधी मंद दिव्यात एक साधा फोटो, मग पूर्ण अंधार. वरचा कॅमेरा शून्याखाली नव्वद अंशांपर्यंत थंड केलेला असतो, कारण कोमट कॅमेरा स्वतःच्याच उष्णतेने खोटे ठिपके दाखवतो. काही सेकंद, कधी काही मिनिटे तो फोटॉन मोजत बसतो. पडद्यावर करड्या उंदराच्या पोटावर निळा-हिरवा-तांबडा डाग उमटतो. हे रंग उंदराचे नव्हेत. संगणकाने आकड्यांना दिलेले आहेत. कोपऱ्यातली रंगपट्टी बदलली की मंद गाठही भडक तांबडी दिसते. म्हणून जाणता माणूस चित्राकडे नंतर, पट्टीकडे आधी पाहतो. डागाभोवती वर्तुळ काढून सेकंदाला किती फोटॉन आले तो आकडा वहीत जातो. उंदीर भुलीतून उठतो, पिंजऱ्यात परत जाऊन दाणे कुरतडू लागतो, आणि पुढच्या आठवड्यात तोच उंदीर, त्याच क्रमांकाने, पुन्हा त्याच पाटावर येतो.

प्रीथा रे यांच्या गटाचा २०१३ चा एक प्रयोग थोडा उलगडून सांगण्यासारखा आहे. अंडाशयाच्या कॅन्सरवर सिस्प्लॅटिन हे जुने, नावाजलेले औषध. काही गाठी त्याला दाद देतात, काही देत नाहीत. पेशीला तगवून धरणाऱ्या एका मार्गाचा मुख्य जनुक ‘पीआयके३सीए’. या जनुकाला चालू-बंद करणारा तुकडा घेऊन त्यांनी त्याच्यापुढे ल्युसिफरेज आणि एक लाल चमकणारे प्रथिन जोडले. आता जनुकाची कळ दाबली गेली की उजेड वाढणार, सोडली की कमी होणार. म्हणजे उजेड हा गाठीच्या आकाराचा नव्हे तर तिच्या मनसुब्याचा. अशा पेशींच्या गाठी उंदरांत वाढवून सिस्प्लॅटिन दिले. ज्या दोन पेशीवंशांत पी५३ हे राखणदार प्रथिन शाबूत होते, त्यांच्या गाठींचा उजेड उतरला. तिसऱ्या वंशात पी५३ नव्हतेच. तिथे उजेड जागचा हलला नाही. कॅलिपरने हे कधीच कळले नसते. कॅलिपरला गाठ लहान झालेली दिसते तेव्हा बऱ्याच घडामोडी होऊन गेलेल्या असतात.

या पद्धतीचे कौतुक करताना तिच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत, कारण चित्र सुंदर असले की माणूस भाळतो. उजेड फक्त जिवंत, प्राणवायू मिळणाऱ्या पेशी देतात. मोठ्या गाठीचा गाभा मेलेला असतो, तो काळाच राहतो. गाठ वाढली तरी उजेड तेवढाच, असेही होते. काळ्या केसांचा उंदीर उजेड गिळतो, त्याला भादरावे लागते. आणि पेशीत परका जनुक घातल्यावर ती पेशी हुबेहूब रुग्णाच्या गाठीसारखी वागेलच असे नाही. यंत्र उत्तम असूनही पोट उघडून सूक्ष्मदर्शकाखाली शेवटची खात्री करावी लागते. खानोलकरांची काचपट्टी अजून निवृत्त झालेली नाही.

परका जनुक न घालताही उजेडाने गाठ ओळखता येते का, यावर खारघरलाच मुरली कृष्ण यांच्या गटाने काम केले, आणि इथे रामन येतात. पदार्थावर लेसर टाकला की परतणाऱ्या उजेडाचा अगदी थोडा अंश रंग बदलून येतो, आणि तो बदल पदार्थाच्या रेणूंवर ठरतो. स्तनातल्या निरोगी ऊतीत चरबी जास्त, गाठीत प्रथिने जास्त. म्हणून दोघांची खूण वेगळी. पण केसाळ उंदरावर लेसर टाकला तर केसांचीच खूण मिळायची. तेव्हा आठवण झाली ती परळच्या बिनकेसांच्या कुळाची. २०१४ च्या निबंधात या गटाने मांडले की कातडीवरून रामन तपासणी करून स्तनाच्या कॅन्सरचा अभ्यास करायला स्विस बेअर उंदीर योग्य आहे. हॅमस्टरच्या गालातली गाठ टप्प्याटप्प्याने कशी बदलते, हेही त्यांनी याच पद्धतीने पाहिले. म्हणजे यंत्र कितीही नवे आणले तरी त्याच्याखाली ठेवायला ज्या जनावराची गरज पडली, ते परळच्या वह्यांतून निघाले. नवी सामग्री पैशाने येते; पिढ्यांची नोंद ठेवलेला वंश बाजारात जाऊन आणता येत नाही. संस्थांच्या इतिहासात इमारतींना आणि उद्घाटनांना जितकी पाने मिळतात, त्यातले एखादे पान प्राणीगृहात भुसा बदलणाऱ्या आणि चिठ्ठ्या लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यांना मिळाले तर ते न्यायाचे होईल.

प्राण्यांच्या बाजूने कायदाही आहे. १९६० चा क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे प्रयोगविषयक नियम, यांमुळे प्रत्येक संस्थेत नीतिसमिती असते आणि किती उंदीर, कशासाठी, दुसरा मार्ग का नाही, हे आधी लिहून द्यावे लागते. कमी प्राणी, कमी यातना, आणि शक्य तिथे प्राणीच नको, हे सूत्र रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडले होते. वरच्या हिशेबातले चाळीस उंदीर प्रकाशाच्या पद्धतीने आठांवर येतात, आणि प्रत्येक उंदराची तुलना त्याच्या स्वतःच्याच मागच्या आठवड्याशी होते. भूतदया आणि काटेकोरपणा या दोन गोष्टी सहसा एकमेकींच्या आड येतात. इथे त्या एका बाजूला आल्या.

काजव्याचा जनुक माणसाच्या गाठीत घालून कुणी तपासणी करत नाही, तेव्हा टाटाला गेलेल्या आपल्या माणसाला तिथे काळी पेटी दिसणार नाही. त्याच्यापर्यंत पोहोचते ते या पेटीत पारखले गेलेले औषध. उजेडाचा एक निराळा प्रकार मात्र शस्त्रक्रियागृहात पोहोचला आहे: इंडोसायनिन ग्रीन नावाचे रंगद्रव्य शिरेतून किंवा गाठीजवळ टोचतात, आणि अवरक्त कॅमेऱ्यात रक्तवाहिन्या व लसिकाग्रंथी उजळलेल्या दिसतात. तो उजेड ८०० नॅनोमीटरच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा, म्हणून सर्जन तो पडद्यावर पाहत पाहत हात चालवतात.